वाजवून घेतलेली सुरई

माघातल्या सकाळी औंधच्या कुंभारआळीत ऊन घाईने येत नाही. आधी यमाईच्या डोंगराचा माथा तेवढा उजळतो आणि बराच वेळ त्यापुढे काही घडत नाही. मग ते देवळाच्या पायऱ्यांवरून एकेक पायरी खाली उतरू लागते, वाटेतल्या चिंचेत थोडे अडते, कौलांवर येते आणि कौलांवरचे दव सुकेपर्यंत तिथेच रेंगाळते. अंगणापर्यंत ते पोचते तेव्हा आळीतून दुधाच्या किटल्या फिरून गेलेल्या असतात आणि चुलींचा धूर विरत आलेला असतो. अंगणात मडकी वाळत असतात. ओली काळसर, अर्धी सुकलेली राखाडी, आणि भिंतीकडेची, दोनतीन दिवसांपूर्वीची, जवळजवळ पांढरी. ऊन आधी त्यांच्या खांद्यांवर बसते, मग पोटावरून घसरते, आणि दिवस चांगला वर आल्यावर, सगळ्यांत शेवटी, त्यांच्या तोंडातून आत पाहते. रिकाम्या भांड्याच्या तळाशी पडलेला तो तळहाताएवढा उजेड नाथाजीला फार आवडे. त्याविषयी तो कोणाशी बोलला नव्हता. बोलावे असे ते काही नव्हतेच.

पंचाहत्तर सालच्या त्या माघात नाथाजी चोवीस वर्षांचा होता आणि मनातून, कोणाला दिसू न देता, सुखी होता. त्याचे कारण त्याचे वडील जोतिबा हे होते.

जोतिबा कुंभाराचा कान सातारा जिल्ह्यात माहीत होता. मडकी भाजायचा आवा निवला, वरची राख बाजूला केली, की ते एकेक मडके डाव्या तळव्यावर तोलत आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेराने त्यावर एक टिचकी मारत. खणखणीत बोलले तर उजवीकडे. बद्द वाजले तर डावीकडे, आणि डावीकडचे मडके कितीही देखणे असले तरी ते बाजारात जात नसे. डोळ्यांना न दिसणारी, केसाहून बारीक चीर त्या टिचकीत बोलत असे. बाजारात बायका प्रत्येक कुंभाराचे मडके वाजवून घेत. जोतिबाच्या मडक्यालाही त्या सवयीने टिचकी मारत, पण ते वाजले कसे हे ऐकायला थांबत नसत.

लहानपणी आवा उघडताना नाथाजीने जवळ गेलेले आबांना, त्याच्या वडिलांना, खपत नसे. “हितं गलका नगं,” म्हणून ते त्याला हाकलून देत. मॅट्रिक झाल्यावर, चित्रकलेच्या दोन परीक्षा दिल्यावर आणि शाळेत नोकरी न मिळाल्यावर तो चाकाजवळ बसू लागला, तरी टिचकीच्या वेळी आबा एकटेच असत. आणि मग दोन वर्षांपूर्वी, दुष्काळाच्या साली, एका सकाळी ते म्हणाले होते, “नाथा, म्होरं बस. हितं, माज्या समोर.” तेव्हापासून प्रत्येक आव्याला नाथाजी त्यांच्यासमोर बसे. आबा टिचकी मारत, क्षणभर त्याच्याकडे पाहत आणि मडके उजवीकडे किंवा डावीकडे ठेवत. काही समजावून सांगत नसत. तसे ते कधीच बोलके नव्हते. पण आपल्याला शिकवायचे त्यांनी ठरवले आहे हे नाथाजीला त्या पाहण्यातून कळले होते, आणि त्याने स्वतःचा कान त्यांच्या कानामागून चालवायला घेतला होता. दोन वर्षांत त्याचा निकाल त्यांच्या निकालापेक्षा एकदाही वेगळा पडला नव्हता. ही गोष्ट तो अंथरुणावर पडल्या पडल्या मनाशी पुन्हा पुन्हा म्हणे.

घरात आणखीही काही बदलले होते. आई, हरणाबाई, पूर्वी चुलीपासून हाक मारी. आता ती उठून आबांच्या पुढ्यात येऊन उभी राही आणि मग बोले. एकदा एसटी अगदी अंगाशी येऊन भोंगा देत राहिली आणि आबा रस्त्याच्या मधून शांतपणे चालत राहिले. ड्रायव्हरने शिव्या दिल्या. नाथाजीने त्यांना दंडाला धरून बाजूला घेतले आणि आबा कामाच्या विचारात किती गुंतलेले असतात याचे त्याला कौतुक वाटले. आईने त्या संध्याकाळी त्याला विचारले, “नाथा, तुला काय वाटतं रं आबाचं?”

“काय वाटायचं?” तो म्हणाला. “वय झालं, माणूस आत बघाया लागतं.”

आईने त्याच्याकडे बराच वेळ पाहिले आणि भाकरी उलटली.

अशात सांगलीहून नानासोंचे पत्र आले. नानासो मूळचे औंधचे. सांगलीत वकिली करून आता निवृत्त झालेले. वखारभागातली एक जुनी हळदीची वखार लोकांनी मिळून घेतली होती आणि तिथे ‘कृष्णाकाठ संस्कृती केंद्र’ उघडले होते. नानासो त्याचे चिटणीस. मुंबईतल्या एका इटालियन मंडळाने आपला संग्रह महिनाभरासाठी केंद्राला द्यायचे कबूल केले होते. इटलीच्या निरनिराळ्या प्रांतांतली मातीची भांडी आणि काही चित्रे. पेट्या रेल्वेने येणार होत्या. वाटेत काय तडकले आणि काय शाबूत राहिले याची यादी मांडणीआधी मुंबईला कळवायची होती, कारण त्या यादीनंतर जे फुटेल ते केंद्राच्या माथी. ‘तर जोतिबा, तू येऊन एकदा सगळी भांडी वाजवून दे,’ असे नानासोंनी लिहिले होते. ‘तुझ्या शब्दावर मी सही करीन. नाथाजीचे अक्षर चांगले आहे, त्याला माहितीच्या पाट्या लिहायला घेऊन ये.’

पत्र नाथाजीने मोठ्याने वाचले. मग आबांनी ते हातात मागून घेतले आणि स्वतः, ओळीवर बोट ठेवत, पुन्हा वाचले.

“जायचं का?” त्यांनी विचारले. ते सहसा असे विचारत नसत.

“आबा, मोठा मान हाय,” नाथाजी म्हणाला. आबांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि मान डोलावली.

वखार लांबट, उंच, पत्र्याची होती. हळद जाऊन वर्ष झाले होते तरी फरशीच्या सांध्यांतून पिवळी भुकटी निघत होती आणि हात कुठेही टेकला तरी बोटे पिवळी होत. दारापाशी एका स्टुलावर पांढऱ्या दाढीचा, किडकिडीत माणूस बसला होता. तो उठला, आधी आबांना, मग नाथाजीला त्याने सलाम केला.

“जैनुद्दीन मणेर. हितली देखरेख माज्याकडं हाय. कुंभारदादा, तुमच्या घागरीचं पानी पिलोय मी औंधच्या जत्रंत.”

तो चाळीस वर्षे बांगड्यांची पेटी खांद्यावर घेऊन जत्रा-बाजार हिंडला होता. गुडघे गेले तेव्हा नानासोंनी त्याला इथे ठेवून घेतले. “काचेचा मानूस हाय मी,” तो पेट्यांवरचे गवत उपसताना नाथाजीला म्हणाला. “नव्या नवरीचा हात कसा असतो, म्हाईत हाय? घाबरून दगड झालेला. त्या हातात डझनभर काच चढवायची, आन एकबी पिचली न्हाई पायजे. पिचली की लोक अपशकुन म्हनत्यात आन मारायला उठत्यात.” मग डोळा बारीक करून, “तुजं लगीन झालं का रं?”

नाथाजी लाजला. जैनुद्दीन हसला आणि एक निळी ताटली त्याने गवतातून अशी उचलून काढली की गवताची काडीसुद्धा हलली नाही.

भांडी लांब टेबलावर मांडली गेली. असली भांडी नाथाजीने जन्मात पाहिली नव्हती. मातीच ती, पण तिच्यावर दुधासारखा पांढरा लेप, आणि लेपावर निळे, हिरवे, काळपट पिवळे रंग: द्राक्षांचे घोस, कोंबडे, मान वळवून पाहणाऱ्या बायका. जिथे ही भांडी घडली तिथल्या कोणा नाथाजीने असाच सकाळचा उजेड आत पडताना पाहिला असेल, असे त्याला वाटले.

आबा टेबलाच्या एका बाजूला उभे राहिले. नाथाजीला त्यांनी खुणेने समोर उभे केले. नानासो आणि समितीची चार माणसे भोवती. पहिली ताटली खणखणली. दुसरी, तिसरी. बाराव्या थाळीला नाथाजीच्या कानात बद्द पडले, आबांनी त्याच्याकडे पाहिले आणि थाळी डावीकडे ठेवली. पुढे एक वाडगा असाच डावीकडे गेला. नानासोंचा चेहरा उतरला.

“जोतिबा, आता ही,” ते म्हणाले, आणि त्यांनी स्वतः दोन हातांनी एक सुरई पुढे सरकवली. उंब्रिया प्रांतातली. लांब मान, गोल पोट, पाठीमागे वळणदार मूठ, आणि पोटावर निळ्या वेलींतून डोकावणारा एक पक्षी. “सगळ्या संग्रहात मोलाची ही. निमंत्रणपत्रिकेवर हिचंच चित्र छापलंय. ही गेली तर प्रदर्शनच गेलं म्हणा.”

सगळे बघू लागले. आबांकडे बघता बघता दोघेतिघे नाथाजीकडेही बघू लागले, कारण तो समोरच उभा होता. लोक आपल्याकडे बघतात तेव्हा आपल्या तोंडावर काय उमटते याची त्याला लहानपणापासून भीती वाटे. त्याने ओठ मिटले, कपाळ सैल सोडले, डोळे सुरईच्या गळ्यावर ठेवले.

आबांनी टिचकी मारली.

बाहेरून एक टेम्पो चालला होता. पत्रा थरथरत होता. आबांनी नाथाजीकडे पाहिले. पुन्हा टिचकी मारली, पुन्हा पाहिले. तिसऱ्यांदा मारली. आबा किती जपून काम करतात, नाथाजीच्या मनात आले. तोंडावरची रेघही त्याने हलू दिली नाही.

“खणखणीत हाय,” आबा म्हणाले, आणि सुरई उजवीकडे ठेवली.

नानासोंनी श्वास सोडला आणि यादीवर खूण केली.

त्या दुपारी आबांना औंधच्या गाडीत बसवून नाथाजी पाट्या लिहायला मागे राहिला. एकटा झाल्यावर त्याने बऱ्याच गोष्टींचा हिशेब लावला. पत्र्याखाली आवाज वेगळा येतो. टेम्पो होता. फरशीखाली हळद आहे, ती आवाज पिऊन टाकत असेल. परक्या मुलखातली माती, तिची बोली वेगळी. आणि आबांच्या कानापुढे आपला कान तो काय. असे सगळे लावून झाल्यावर त्याने कुंचला शाईत बुडवला आणि ‘उंब्रिया’ ही अक्षरे फार सुरेख काढली.

प्रदर्शनाला लोटलेली गर्दी कोणाच्याही अपेक्षेबाहेर होती. कुपवाडच्या कारखान्यांतले कामगार पाळी सुटल्यावर सायकली आणि लुना घेऊन आले, कॉलेजची मुले आली, आणि बाजारच्या दिवशी खेड्यांतल्या बायका आल्या. ‘हात लावू नये’ अशा अकरा पाट्या नाथाजीने लिहिल्या होत्या. बायका पाटीशेजारी उभ्या राहून ताटल्या वाजवून बघत.

“मावशी, हे इकायचं न्हाई,” जैनुद्दीन म्हणे.

“मग मांडलंय कशाला?”

“बघायला.”

“बघितलं की. आता वाजीवते.” आणि त्या वाजवत.

“वाजतंय झ्याक, पर आत भाजी किती बसंल?” दगडाबाई नावाची एक म्हातारी सिसिलीच्या थाळीवर वाकून म्हणाली. “चार मानसाची न्हाई. उपाशी मरतं व्हय तिकडलं माणूस?”

निवृत्त सुभेदार हंबीरराव छातीवर पदके लावून आले. ते दुसऱ्या महायुद्धात इटलीला होते. त्यांनी प्रांतांची नावे पाट्यांवरून न वाचता, ज्या क्रमाने त्यांची पलटण चालत गेली होती त्या क्रमाने सांगितली: इटलीच्या बुटासारख्या नकाशाच्या टाचेपासून वर, नदी ओलांडून नदी. फायन्झा गावच्या भांड्यांपुढे ते थांबले. “हितं एका घराची भिंत गेली हुती,” ते नाथाजीला म्हणाले, “आन आतलं कपाट जसंच्या तसं उभं. असल्याच बशा, वळीनं लावलेल्या. एकबी फुटलेली न्हवती. घरात मानूस न्हाई.” मग, “मी एक उचलली हुती. मग ठिवली परत.” ते तसेच निघून गेले.

चौथ्या दिवशी, दार उघडायच्या आधी, नाथाजी एका कोपऱ्यात पाठमोरा बसून मोडलेली पाटी पुन्हा लिहीत होता. जैनुद्दीन रोजच्यासारखा मलमलीच्या फडक्याने एकेक भांडे पुसत होता. नाथाजीने आवाज ऐकला. वळून पाहिले तो जैनुद्दीन सुरईची मूठ हातात धरून उभा होता. नुसती मूठ. बाकीची सुरई फरशीवर होती, आणि निळा पक्षी दोन ठिकाणी.

“म्या खालनं हात लावलेला,” जैनुद्दीन हळूच म्हणाला. “नाथाजी, एक हात खालनं हुता. मूठ वरच्या वर सुटून आली.”

नाथाजी वाकून खापऱ्या गोळा करू लागला. मुठीच्या बुडाशी जुळणारी एक खापरी त्याच्या हाती आली. तिची कड बाकी सगळी ताजी, गुलाबी मातीची होती; पण बोटभर जागा मळकी होती, जुन्या धुळीने भरलेली. जुनी चीर कशी दिसते हे कुंभाराच्या पोराला कोणी सांगावे लागत नाही. त्याने ती खापरी उजेडात धरली, लेपाचाच रंग उतरला असेल असे मनाशी म्हटले, आणि इतर खापऱ्यांबरोबर खोक्यात टाकली.

समिती दुपारी बसली. नानासो वाईट माणूस नव्हते. त्यांचा आवाज दुखावलेला होता.

“जैनुद्दीन, पडली म्हण. माणसाच्या हातून पडतं. पण मूठ आपोआप सुटली असं सांगू नको.”

“साहेब, सुटली ती सुटली म्हनतोय.”

“अरे, जोतिबानं तीनदा वाजवली. आम्ही सगळे उभे होतो. त्यानं खणखणीत म्हटलं. ज्या भांड्याला जोतिबा खणखणीत म्हणतो त्याची मूठ सुटते होय?”

जैनुद्दीनने मान वळवली. “नाथाजी, तूबी हुतास न्हवं?”

“होतो,” नाथाजी म्हणाला.

“मग? कशी वाजली?”

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिले. त्याने ओठ मिटले. मग म्हणाला, “आबा खणखणीत म्हणाले.”

यात एक अक्षरही खोटे नव्हते. जैनुद्दीनने त्याच्याकडे अजून थोडा वेळ पाहिले. मग आपल्या दोन्ही हातांकडे पाहिले, उलटे सुलटे करून, दुसऱ्या कोणाचे हात पाहावेत तसे. “मंग थरथरला आसंल हात,” तो म्हणाला. “वय झालं.” कमरेच्या किल्ल्या सोडून त्याने टेबलावर ठेवल्या. नानासोंनी त्याला जा म्हटले नव्हते, पण राहा असेही कोणी म्हटले नाही.

औंधला परतल्यावर नाथाजीने घरी एवढेच सांगितले की सुरई फुटली, राखणदाराच्या हातून. आईला सांगितले. आईने ते आबांच्या पुढ्यात बसून, सावकाश, पुन्हा सांगितले. दोन दिवस आबा चाकावर बसले नाहीत.

तिसऱ्या सकाळी आवा उघडायचा होता. नाथाजीला समोर बसवेना. का, ते त्याने स्वतःला विचारले नाही. राख काढायचे निमित्त करून तो आबांच्या पाठीमागे राहिला. आबांनी पहिली घागर तळव्यावर घेतली, टिचकी मारली, समोर पाहिले. समोर कोणी नव्हते. घागर त्यांच्या हातात तशीच राहिली.

“नाथा,” ते म्हणाले, “म्होरं ये.”

“हितं हाय मी, आबा.”

ते हलले नाहीत. “म्होरं ये रं. मागं उभा राहिलास तर मला कळायचं कसं?”

नाथाजी पुढे आला. ऊन अजून कौलांवरच होते. “काय कळायचं?” त्याने विचारले, आणि आबांनी त्याच्या ओठांकडे पाहिल्याचे त्याने पाहिले.

“घागर कशी बोलती ते.” आबांनी घागर खाली ठेवली, डावीकडेही नाही आणि उजवीकडेही नाही. “दोन वर्सं झाली. आदी बारीक आवाज गेला, मंग समदाच. तुझ्या आईला म्हाईत हाय. बद्द वाजलं की तुजी डावी भुवई हालती, नाथा. जरा वर जाती. तेवढ्यावर चाललंय बघ.”

नाथाजी उकिडवा बसला. दोन वर्षांच्या सगळ्या सकाळी त्याच्या डोळ्यांपुढून गेल्या. आबा टिचकी मारतात, त्याच्याकडे पाहतात. आपला निकाल त्यांच्या निकालापेक्षा कधी वेगळा पडला नाही याचे त्याला केवढे अप्रूप होते.

“मला वाटलं, मला शिकवताय,” तो म्हणाला.

आबांना ते कळले नाही, कारण त्याने मान खाली घातली होती. त्यांनी त्याची हनुवटी धरून वर केली आणि तोंडाकडे निरखून पाहिले.

“सांगलीला त्या सुरईच्या टायमाला तुजी भुवई हालली न्हाई,” ते म्हणाले. “म्या तीनदा बघितलं. म्हनून खणखणीत म्हनालो.” थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “चांगली वाजली हुती न्हवं?”

नाथाजीने नजर खालच्या घागरीवर नेली. त्याचा अर्थ आबांना कानांशिवाय कळला. ते उठले, पाय धुतले, खुंटीवरचा कोट काढला. “चल,” ते म्हणाले. “त्या मणेराकडं जाऊ.”

हरणाबाई पुढ्यात येऊन उभी राहिली. “आवं, गावाला कळलं तर घागर कोन घील तुमच्याकडनं?”

“नगं घेऊ दे,” आबा म्हणाले.

जैनुद्दीनचे घर सांगलीत गणपती पेठेच्या मागच्या बोळात, एका खोलीचे. तो दारात बसला होता. हात मांडीवर, बोटे मिटलेली. त्याची बायको रहिमतबी हिने आतून चटई आणून टाकली आणि चहा ठेवला. तिने चहा स्टीलच्या पेल्यांतून आणला.

“काचेचे गलास हायती घरात,” ती ओशाळून म्हणाली, “पर हेनी काचेला हात लावीना झालेत. पेटी जावयाला दिऊन टाकली. माज्या बांगड्या वाढवल्या तर नव्या भरायला मी शेजारनीकडं गेले, बघा. चाळीस वर्सांत पैल्यांदा.”

“गप की,” जैनुद्दीन म्हणाला.

आबांनी पेला बाजूला ठेवला. ऐकू न येणारी माणसे बोलतात तसे, गरजेपेक्षा मोठ्याने, ते म्हणाले, “जैनुद्दीन, तुजा हात थरथरला न्हाई. मला ऐकू येत न्हाई. दोन वर्सं झाली. सुरई म्या ऐकलीच न्हाई.”

बोळातली दोन माणसे थांबून बघू लागली. आबांना त्याचा पत्ता नव्हता. जैनुद्दीनने त्यांच्याकडे पाहिले, आणि त्याच्या चेहऱ्यावर एक थकलेली, मायाळू समजूत पसरली.

“कुंभारदादा,” तो म्हणाला, “माज्यासाठी एवढं खोटं बोलायला औंधवरनं आलाय. अल्ला तुमाला सुखी ठेवो. पर मला लहान पोर समजू नगा.”

“काय म्हनतोय?” आबांनी नाथाजीला विचारले.

“त्यांना खोटं वाटतंय.”

“सांग त्येला.”

“आन समजा, न्हाई आलं तुमाला ऐकू,” जैनुद्दीन मांडीवरच्या हातांशी बोलावे तसे म्हणाला, “तरी सुरई चांगली न्हवती असं कुठं हुतंय? चांगलीबी आसंल. फुटली माज्याच हातात. रोज मनात तेच येतंय. मला वाटतं, हात हालला आसंल. आता तर मला आठवतंयबी, हालला हुता.”

रहिमतबीने पदर तोंडाला लावला.

आबा नाथाजीकडे बघत होते. जैनुद्दीनही आता त्याच्याकडेच बघत होता, आणि बोळात थांबलेली ती दोन माणसेही. नाथाजीचे ओठ सवयीने मिटले. टेम्पो, पत्रा, फरशीखालची हळद, परक्या मुलखाची माती, सगळे त्याच्यापाशी अजून तयार होते. तो चटईवरून पुढे सरकला, जैनुद्दीनच्या मिटलेल्या बोटांसमोर.

“चाचा,” तो म्हणाला, “पहिल्या टिचकीलाच ती बद्द वाजली होती. मी ऐकलं होतं.”